हर्षालीच्या नावावर

६ ऑक्टोबर २०२५

“ही हर्षाली कोण?”

बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं. हेच हसून म्हणाले, “हीच की साहेब! माहेरचं नाव. लग्नात शिवलीला केलं आम्ही.” साहेब हसले नाहीत. “या हर्षालींचं एक कर्ज थकलेलं आहे,” म्हणाले. “दोन हजार सतराचं, सत्तावीस हजारांचं. राइट-ऑफ दिसतंय, म्हणजे बुडीत धरलंय. सिबिल पाचशे बारा.”

पाचशे बारा! हे कमी की जास्त, तेच मला आधी कळेना. आमच्या लॅबमध्ये कुणाची शुगर पाचशे आली की आम्ही डॉक्टरांना धावत फोन करतो. इथं सगळं उलटं, जितकं जास्त तितकं बरं. साहेबांनी समजावून सांगितलं तेव्हा यांचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. मी बघितलाच नाही. स्वतःच्या चपलेकडं बघत बसले होते.

घर माझ्या नावावर घ्यायचं ठरलंय. बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटी कमी बसते, व्याजही जरा कमी. पण अव्वांचं कारण निराळं. अव्वा म्हणजे सासूबाई. “माझ्या नावावर कवा कायबी झालं न्हाय,” त्या म्हणाल्या, “निदान सुनंच्या नावावर हुं दे.” दसऱ्याला इसार दिला. नळदुर्गातच, नव्या प्लॉटिंगमध्ये, दोन खोल्या आणि पुढं थोडी जागा. डिसेंबरअखेर खरेदीखत झालं नाही तर इसार बुडाला. यांच्या टायरच्या दुकानाचं कागदावर काही नाही, म्हणून कर्ज उभं राहायचं ते माझ्या पगारावर. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर, आणि मीच अशी निघाले!

“थकलेलं भरा, त्या फायनान्स कंपनीचं एनओसी आणा, रिपोर्ट सुधारला की या,” साहेब म्हणाले.

रस्त्यात यांनी विचारलं, “कशाचं होतं गं ते कर्ज?”

“दादाच्या मोबाईलचं.” पटकन निघून गेलं तोंडातून.

सत्तावीस हजारांचा मोबाईल! दोन हजार सतरात! आणि दादाकडं! पण यांनी विश्वास ठेवला. तेच जास्त लागलं.


७ ऑक्टोबर

ही वही घरी नेत नाही. लॅबच्या ड्रॉवरमध्ये, किटच्या खोक्याखाली असते. नमुने मशीनमध्ये फिरत असतात तोवर लिहायचं. इथं खरं लिहायला हरकत नाही.

मोबाईल नव्हता. फ्रिज होता.

आमच्या स्वयंपाकघरात उभा आहे तो. लाल, दारावर फुलं. लग्न ठरलं तेव्हा यांच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण माहेरी, बेंबळीत, आमच्या गल्लीत सगळ्या पोरींना फ्रिज दिलेला, आणि आप्पांना वाटलं की आपली पोर लॅबवाली, शिकलेली, ती रिकामी कशी जाणार! पिठाच्या गिरणीतून किती सुटणार? आप्पांना हप्त्यावर कुणी देईना, दादाला त्या वेळी कामधंदा नव्हता. पगाराची पावती होती ती माझ्याकडं, धाराशिवच्या दवाखान्यात होते तेव्हाची. मग माझ्याच लग्नातला फ्रिज माझ्याच नावावर हप्त्यानं घेतला. दुकानात सही करताना मी दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, “हप्त्याची तू नको काळजी करू. म्या हाय की.”

म्या हाय की!

महिन्याभरात लग्न झालं. नोकरी सुटली, सिमकार्ड बदललं, नावही बदललं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं ‘शिवलीला’ लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच वाटलं होतं की हर्षालीचं जे काही असेल ते हर्षालीपाशी राहिलं. हसायला येतं आता. शिकलेली बाई मी, आणि एवढंही कळू नये? पॅनकार्डाला सासर-माहेर कळत नाही.

फ्रिज घरात आला तेव्हा अव्वांनी त्याला हळदीकुंकू लावलं होतं. आजही कुणी आलं की सांगतात, “सुनंच्या म्हायेराहून आलेला हाय. रोखीनं घेतलाय तिच्या बापानं.”

रोखीनं हे त्यांना कुणी सांगितलं? मीच.


९ ऑक्टोबर

फ्रिजमधून दही काढायचं तरी त्याच्याकडं न बघता काढते. मूर्खपणा आहे.


११ ऑक्टोबर

आज कंपनीला फोन लावला. धाराशिवची त्यांची शाखा कधीच बंद झालीय. फोनवर हिंदी बोलणारी पोरगी — “हर्षालीजी बोल रही हैं?” किती वर्षांनी कुणी त्या नावानं असं जी लावून हाक मारली! आणि कशासाठी, तर थकबाकीसाठी.

तिनं सगळं वाचून दाखवलं. फक्त पहिला हप्ता आलाय. एकच! लग्नाआधी माझ्या पगाराच्या खात्यातून कापला गेला होता तो. त्यानंतर एकही नाही. म्हणजे दादानं एकदासुद्धा भरला नाही. एकदासुद्धा! मला वाटत होतं, चार-सहा भरले असतील, मग राहिले असतील. माणसाची अडचण होते, मी समजून घेतलं असतं. पण यानं सुरुवातच केली नाही. दंड, व्याज धरून आता एकोणपन्नास हजार झालेत.

“सालभर आपके पुराने नंबर पे कॉल किए थे मॅडम,” पोरगी म्हणाली. जुनं सिम लग्नात आईच्या डब्यात टाकून आले होते मी. आई जाऊन चार वर्षं झाली. डबा कुठं असेल देव जाणे.

बाहेर पेशंट थांबले होते. उपाशीपोटी आलेल्या एका म्हातारीची शीर मला दोनदा टोचूनही सापडली नाही. असं माझ्याकडून होत नाही कधी. म्हातारी बिचारी म्हणाली, “हुं दे माय, घाई न्हाय.”


१४ ऑक्टोबर

यांनी अव्वांना सांगितलं. सांगणारच होते, आईपासून काही लपवत नाहीत ते. अव्वा भाकरी थापता थापता थांबल्या.

“मोबाईलसाठी? भैनीच्या नावावर? आन भरलंबी न्हाय?”

मी मान खाली घालून भाजी ढवळत होते.

“तरीच!” अव्वा म्हणाल्या. “लग्नात बघितलं की त्याला. कलवऱ्यावानी नाचतच हुता नुसता. बाप देवमाणूस, आन त्याच्या पोटी ह्ये असलं!”

आणि त्यांनी फ्रिजचं दार उघडून कोथिंबीर काढली.

तोंड उघडायला हवं होतं मी. अव्वा, मोबाईल नव्हता, हे तुमच्या हाताखाली आहे ते होतं, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले. दादाला शिव्या बसल्या तर बसू देत, काही चुकीच्या आहेत का? हप्ते त्यानंच बुडवले. फक्त कशाचे ते वेगळं सांगितलं मी. एवढ्या खोट्यानं आप्पांची अब्रू राहते. मग बिघडलं कुठं?

असं दिवसभर स्वतःला सांगतेय. पटत नाहीये.


१७ ऑक्टोबर

आप्पांना फोन केला. काही उपयोग नाही. जन्म गिरणीच्या आवाजात गेला त्यांचा, आता कानाशी ढोल वाजवला तरच ऐकू येतं. मी म्हणते हप्ता, ते म्हणतात, “पत्ता? कुणाचा पत्ता?” मी म्हणते फ्रिज, ते म्हणतात, “व्हय व्हय, गारठा लई पडलाय.” शेवटी, “भाऊबीजेला ये, तवा बोलू,” म्हणून ठेवून दिला. दादाला फोन करायची इच्छाच झाली नाही. समोरासमोरच विचारीन.

हे म्हणतात, “मी बोलतो योगीराजशी.” दादाशी म्हणजे. मी नको म्हणाले. हे बोलले तर मोबाईल बाहेर पडेल. म्हणजे फ्रिज बाहेर पडेल.


२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. अव्वांनी इसारपावती देवापुढं ठेवली. मी लांबूनच नमस्कार केला.


२३ ऑक्टोबर

बेंबळीत आहे. लॅबची वही आज पिशवीतून आणली. गिरणीमागच्या खोलीत बसून लिहितेय. भाऊबीज झाली. झाली म्हणजे काय, केली मी तिची माती.

हे नळदुर्गलाच थांबले, हायवेवर दिवाळीची गर्दी, दुकान सोडता येत नाही. बरंच झालं. दादा न्यायला आला होता स्टँडवर. जाड झालाय. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो आता, नीट कमावतो. “हर्षे, वाळलीस गं!” म्हणाला. रस्ताभर एकटाच बोलत होता. व्हॅनबद्दल, कुठल्या तरी पोराच्या डब्याबद्दल.

ओवाळताना ठरवलं होतं की आज गप्प बसायचं, उद्या निवांत विचारायचं. पाटावर बसला. नवा शर्ट. ओवाळलं. त्यानं खिशातून पाकीट काढलं, ताटात ठेवलं आणि वर साडीची पिशवी. वैनी कौतुकानं म्हणाली, “सवता जाऊन निवडली बरं का त्यांनी!”

आणि माझं डोकंच फिरलं. पाकीट उचलून त्याच्या मांडीवर टाकलं. “ही ओवाळणी नको मला,” म्हणाले. “माझे हप्ते भर आधी!”

कुणाला काही कळेना. मग मी सगळं बोलले. बँक, पाचशे बारा, इसार. “एक हप्ता भरला नाहीस तू! एक! ‘म्या हाय की’ म्हणाला होतास! माझ्या नावाला काळं फासलंस आणि आठ वर्षं दर भाऊबीजेला मिरवत पाटावर बसतोस?” वैनीसमोर. तिच्या आईसमोर, ती आली होती फराळाला. दोघी कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

दादा म्हणाला, “एक बी न्हाय? कसं काय?” आणि आप्पांकडं बघितलं. आप्पा खुर्चीत बसून करंजी खात होते. त्यांना एक शब्द ऐकू गेला नव्हता. आमची तोंडं बघून त्यांनी करंजी खाली ठेवली. “काय झालं?”

दादानं करंजी उचलून परत त्यांच्या हातात दिली. मग मला म्हणाला, “आप्पांना नको सांगू ह्यातलं कायबी. म्या भरतो.”

बस. ना ‘चुकलं’, ना ‘अडचण होती’. म्या भरतो! जसं काही उपकारच. मला वाटलं होतं की निदान एक कारण तरी देईल. खोटं का असेना.

वैनीनं जेवायला वाढलं. मी पुरणपोळी तशीच ताटात ठेवून उठले. आत्ता बाहेर दादा आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी विचारतोय. आप्पांचं “व्हय की, दर म्हैन्याला!” एवढंच ऐकू आलं. गिरणीचं काही असेल.

उद्या पहिल्या एसटीनं जाणार.


२७ ऑक्टोबर

साडी पिशवीत तशीच. वैनीनं गुपचूप माझ्या बॅगेत कोंबली होती. अव्वांनी विचारलं, “भावानं काय दिलं?” दाखवली. “हूं,” म्हणाल्या, “साडीनं तोंड पुसतोय.”

मी हसले! अव्वांना बरं वाटावं म्हणून हसले. किती खालच्या पायरीला जाते आहे मी.


३ नोव्हेंबर

दादाचा फोन! आवाजात आनंद मावत नव्हता. “हर्षे, झालं बघ काम! कंपनीवाल्यांशी बोललो. एकोणपन्नास म्हणत हुते, म्या घासाघीस केली. बावीसमदी सेटल केलं! सेटल! पावती बी आली मोबाईलवर.”

मला रडूच आलं. सुटले! फोन ठेवायच्या आधी कसंबसं “बरं झालं” म्हणाले. धन्यवाद म्हणाले नाही. भावाला कोण धन्यवाद म्हणतं? आणि स्वतःचंच भरलं त्यानं.

घरी सांगितलं. अव्वा म्हणाल्या, “सेटल झालं म्हंजी बरंच की! पोरगं सेटल झालं म्हंत्यात तसंच ना?” हेही खूश. यांनी भजी आणली. उद्या बँकेत जायचं.


४ नोव्हेंबर

सेटल म्हणजे चांगलं नाही!

साहेबांनी पावती बघितली आणि पेन खाली ठेवलं. “सेटलमेंट केलीत? कशाला केलीत हो?” मी म्हणाले, “म्हणजे? मिटलं ना?” तर म्हणे, मिटलं कंपनीपुरतं. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असं लागणार. त्याचा अर्थ या बाईनं पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोडीत सोडवून घेतलं. कितीतरी वर्षं दिसत राहतं ते. “आमचं हेड ऑफिस सेटल्डला हात लावत नाही मॅडम. क्लोज्ड पाहिजे. राहिलेली सूट भरून क्लोज्ड करून आणा.”

अख्ख्या मराठवाड्यात सेटल म्हणजे नोकरी लागली, घर झालं, देवानं चांगलं केलं. पोरगी बघायला येतात तेव्हा पहिला प्रश्न तोच, मुलगा सेटल आहे का? आणि या एका कागदावर त्याचा अर्थ बुडवा!

दादाला काय माहीत? मलाच माहीत नव्हतं. पण हा शहाणपणा आत्ता लिहिताना सुचतोय. बँकेच्या पायऱ्यांवर सुचला नाही. तिथूनच फोन लावला. हे शेजारी होते, फोन स्पीकरवर.

“कुणी सांगितलं होतं घासाघीस करायला?” ओरडलेच मी. “बाजारात वांगी घेतोयस का? माझ्या नावाचीसुद्धा घासाघीस! पूर्ण भरायला जीव जात होता तुझा?”

पलीकडं व्हॅनमधल्या पोरांचा गलका. दादा म्हणाला, “मला वाटलं तुला बरं वाटंल. दाजी हायेत का तितं?”

“आहेत. ऐकतायत.”

“नमस्कार दाजी,” दादा म्हणाला.

हे मग म्हणाले, “राहू दे योगीराज, बघू आपण.” पण मी ठेवला फोन. माणसं वळून वळून बघत होती. माझा आवाज इतका चढतो हे मला ठाऊक नव्हतं.

गाडीवर हे एकदाच बोलले. “मोबाईलपायी एवढं बोलू नये गं भावाला.”

मी म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. तेवढ्यात दुकान आलं.


८ नोव्हेंबर

घराच्या मालकाचा यांना फोन. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे, रोख देणारं. तारखेच्या पुढं एक दिवस थांबणार नाही. अव्वा दोन दिवस जेवणात मीठ विसरताहेत.


१३ नोव्हेंबर

दादाचा फोन नाही. मीही केला नाही. करून काय म्हणू? वैनीला मेसेज टाकला, ‘सगळे बरे ना?’ तिनं नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

लॅबमध्ये आज एक नवरा-बायको आले होते. रिपोर्ट तिचा. पण पाकीट आधी त्यानं उघडलं, तिच्या हातातून घेऊन. तिचा चेहरा मला कळला. कुणी तरी आपल्याबद्दलचा कागद आपल्याआधी वाचतंय, आणि आपण तिथंच उभं! तसं वाटलं होतं मला साहेबांच्या टेबलापुढं.

मला नक्की कशाची लाज वाटतेय? कर्जाची? ते तर दादानं बुडवलं. खोट्याची? हो. पण त्याआधीची एक लाज आहे. मी त्या बेंबळीच्या गिरणीवाल्याची पोरगी आहे आणि फ्रिज हप्त्यावर आला होता, याची. ही लाज वाटते याचीच खरं तर लाज वाटायला पाहिजे. आप्पांच्या भुवयांवर पीठ असायचं. शाळेत पोरी ‘पिठ्या’ म्हणायच्या त्यांना. मी म्हणाले, माझे वडील नाहीतच ते. एकदा म्हणाले होते, खरंच.

आज जास्तच लिहिलं. बंद.


२१ नोव्हेंबर

कुरिअर आलं, लॅबच्या पत्त्यावर. पाठवणारा: योगीराज. आत कंपनीचं पत्र. पूर्ण रक्कम मिळाली, काही येणे नाही, खातं बंद. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

राहिलेले सत्तावीस हजारही भरले त्यानं. कुठून आणले? विचारलं नाही मी. फोन केला, “मिळालं,” म्हणाले. तो म्हणाला, “आता क्लोज्डच हाय ना? नीट वाच. पुन्यांदा चूक नगं.” मी वाचून दाखवलं. “मग झालं,” म्हणाला. “ठिवतो, पोरं सुटली शाळेतून.”

आपलं कर्तव्य केलं त्यानं, आठ वर्षं उशिरा का होईना. असंच म्हणायला पाहिजे. पण आवाज फार दमलेला होता.


१२ डिसेंबर

रिपोर्ट सुधारला. ‘क्लोज्ड’! साहेबांनी आज पहिल्यांदा मान वर करून बघितलं माझ्याकडं. कर्ज मंजूर.

अव्वांनी पेढे वाटले. शेजारच्या शांताक्का आल्या होत्या, त्यांना फ्रिजमधलं थंड पाणी देत अव्वा म्हणाल्या, “भावानं बुडवलं हुतं, पर आमच्या शिवलीलानं वसूल केलं बघा त्याच्याकडनं. खमकी हाय!” शांताक्का माझ्याकडं बघून हसल्या. मी पण हसले. सवय झालीय आता.


२२ डिसेंबर

खरेदीखत झालं. रजिस्टर ऑफिसात अंगठा, फोटो, सही. ‘शिवलीला’ असं ठळक अक्षरात लिहिलं. अव्वा बाहेर बाकड्यावर बसून होत्या. कागद त्यांच्या हातात दिला तर उलटा धरून कितीतरी वेळ बघत होत्या. वाचता येत नाही त्यांना. “कुटं हाय तुझं नाव?” विचारलं. बोट धरून दाखवलं.

आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला जवळ घेतलं. मला पळून जावंसं वाटलं.


२८ डिसेंबर

आप्पा आले होते घर बघायला. एकटेच, एसटीनं. धनुर्मासामुळं वास्तुशांत संक्रांतीनंतर, तरी आले. घरभर फिरले, भिंतींवरून हात फिरवला. मग नव्या ओट्यावर बसून म्हणाले, “पोरी, तुला एक सांगायचं हाय. योग्यानं सांगू नको म्हणलंय. पर ऱ्हावत न्हाय. चूक माझी हाय, त्याची न्हाय.”

आप्पांना हळू बोलता येत नाही. अव्वा आणि हे चौकटीत उभे होते.

“त्यो फ्रिजचा हप्ता! तुझं लगीन झाल्यावर योग्या हमाली करून पैशे आणून द्यायचा माझ्याकडं, दर म्हैन्याला. एक म्हैना न्हाय चुकला. आन म्या जाऊन तुझ्या बेंबळीच्या खात्यात भरायचो. मला काय ठाव पोरी, कंपनीवाले तुझ्या धाराशिवच्या पगाराच्या खात्यातनं कापत्यात! खातं म्हंजी एकच, असं वाटलं मला. भाऊबीजेला योग्यानं इचारलं तवा कळलं.” मग माझा हात धरला. “त्ये पैशे असतील की अजून त्या खात्यात. काढून दे त्याला. लई वढाताण झालीय त्याची.”

त्या खात्यात काही नाही. लग्नानंतरच्या वर्षी दर महिन्याला पैसे यायचे त्यात. मला वाटायचं, आप्पा चोळीबांगडीला पाठवतात. कधी विचारलं नाही. माहेर आठवण काढतंय, यातच सुख होतं. एटीएममधून काढायचे आणि उडवायचे. साड्या, चांदीची जोडवी, यांच्या वाढदिवसाला घड्याळ. सगळे हप्ते मीच खाल्ले.

यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग अव्वा आत गेल्या, माझा फोन घेऊन आल्या, हातात दिला. “योगीराजला लाव,” म्हणाल्या. “पैलं तू बोल. मग मला दे.”

लावला. पलीकडून दादा नुसतं विचारत राहिला, “हर्षे? आप्पा नीट पोचले ना गं?”